नाव पुसले असता

साडेबारा टक्क्यांच्या फायलीत एक कागद कमी होता:
वंशावळ, स्टॅम्पपेपरवर, चार पिढ्या मागची.
करावे गावात आम्हाला पणजोबा चांगोपर्यंत चढता येत होतं.
त्याच्या वर नुसती खाडी.

हरेश्वर म्हणाला, लिही ना तांडेल.
आपला एक पूर्वज म्हणे बसऱ्याला गलबत न्यायचा,
खजूर आणायचा, अरबांशी अरबीत भांडायचा.
हा पूर्वज त्याला कुणाच्या तरी हळदीत भेटला होता,
रात्री दोनला,
आणि सकाळपर्यंत त्याला मिशाही फुटल्या.
बॅनरची साइजसुद्धा ठरली: दहा बाय वीस.

मी ठाण्याला गेले. कलेक्टर कचेरी, अभिलेख कक्ष.
तिसऱ्या खेपेला शिपाई चहा विचारू लागला,
सहाव्या खेपेला रुमाल सुटला,
लाल, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
आत मोडी.
ओहोटीला चिखलात निवट्या सरपटून जातात ना,
तशा रेघा.

नौपाड्याचे टकले मास्तर मोडी वाचतात,
पानाला ऐंशी रुपये, फाटक्या पानाला शंभर.
आमचं फाटकं होतं.
भिंगाखाली बोट सरकत गेलं,
दुसऱ्याच्या घरची तार वाचावी तसा कोरडा आवाज:

"मौजे करावे. जोमा वलद पोशा, आगरी, मिठागरावर मजुरी.
सरकारी गंजीतील मीठ चार शेर
बायकोचे ओच्यात मिळाले.
दंड रुपये दोन. मीठ जप्त."

मास्तरांनी चष्मा पुसला.
खाली अजून एक ओळ होती, शाई संपत आलेली:

"सदर बाईने शिपायाचे मनगटास चावा घेतला. रक्त आले.
नाव पुसले असता सांगत नाही."

पुन्हा वाचा, म्हटलं.
त्यांनी वाचलं.
दुसऱ्यांदाही तिनं सांगितलं नाही.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत,
घेतलंच तर उखाण्यात, भिंतीकडे बघून.
हिनं स्वतःचंच गिळलं.
शिपाई मनगट धरून उभा,
कारकून टाक झाडतोय,
आणि ही पदरानं ओठ पुसतेय, सावकाश,
जसं काही जेवण उरकलंय.
जोमाच्या टाचांच्या भेगांत भरून
रोज घरी यायचं ते मीठ
कुणी जप्त केलं नसेल.

तलाठी भले माणूस. म्हणाले, ताई,
नाव नाही तर चौकटीत काय लिहू?
मी म्हटलं, चौकट तर काढा.
त्यांनी काढली. पट्टी लावून, रिकामी.
मग तिला पुसायला खोडरबर शोधत बसले.

हरेश्वरनं फोनवर सगळं ऐकलं.
"चोर? बॅनरवर?"
थोडा वेळ तिकडून पाम बीच रोडच्या गाड्या ऐकू आल्या.
"ही भानगड आपल्यातच ठेव गो."
त्याचा तांडेल मला कुठल्याच रुमालात सापडला नाही,
हे मी सांगायचं टाळलं.
ज्याचं गलबत त्याला.

राहिली पदीआत्या.
शहाऐंशीची, बाजेवर,
हक्कसोडीच्या कागदावर अजून अंगठा न दिलेली.
वकील तीनदा शाईची डबी घेऊन आला,
तीनदा तिनं मूठ मिटून घेतली.
तिच्या कानाशी वाकून मी सगळं सांगितलं,
जोमा, चार शेर, दोन रुपये.
यातलं काही तिच्यापर्यंत पोचलं नसावं.

"चावली?" तिनं विचारलं.
हो. रक्त आलं, असं लिहिलंय.
"मंग ती आपलीच गो."

आणि हसली, नुसत्या हिरड्यांनी.
कवळी उशाशी वाटीत होती,
पाण्यात,
थोडी उघडी.